पहिला वूशिया सिनेमा कोणता बघावा?

वूशिया सिनेमाला, म्हणजे जुन्या चीनमधल्या तलवारबाज योद्ध्यांच्या कथांना, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की हमखास तीन नावं पुढे येतात. आंग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००), आणि झांग यिमौ यांचे ‘हीरो’ (२००२) व ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ (२००४). तिन्हींत जुना चीन, तलवारी, हवेत उडत लढणारी माणसं आणि तडीला न गेलेलं प्रेम. तिन्हींत झांग झियी. लांबून बघितलं तर एकाच माळेचे मणी. प्रत्यक्षात तिघांचा स्वभाव इतका वेगळा आहे की नको तो आधी लागला, तर उरलेले दोन बघायचेच राहून जातात.

उडण्याचं आधीच मिटवून टाकू, कारण पहिल्या अर्ध्या तासात बरेच जण तिथेच हसून उठतात. वूशिया कादंबऱ्यांमध्ये साधनेनं शरीर हलकं झालेला योद्धा भिंतीवर चढतो, पाण्यावरून पळतो. हा त्या प्रकाराचा रिवाज आहे. संगीत नाटकात मरायला टेकलेला नायक पद म्हणतो, तेव्हा ‘याला एवढा दम कुठून आला’ असं आपण विचारत नाही ना, तसंच. एवढं सोडून दिलं की लक्षात येतं, इथे तलवार चालते ती बहुतेक वेळा तोंडानं बोलता न आलेल्या गोष्टीसाठी.

माझं मत सांगून टाकतो: सुरुवात ‘क्राउचिंग टायगर’नं करावी. ली मु बाय (चाऊ युन-फॅट) आणि यू शू लियन (मिशेल यो) यांचं एकमेकांवर कित्येक वर्षांचं प्रेम आहे. पण शू लियनचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं, तो ली मु बायचा मानलेला भाऊ, आणि तो लढाईत मारला गेला. त्याच्या आठवणीचा मान राखायचा म्हणून दोघंही गप्प. वाटेत एका ठिकाणी दोघं चहा पीत बसलेले असताना तो तिचा हात हातात घेतो आणि स्वतःच्या गालाला लावतो. बस, एवढंच. त्याआधी तासभर सिनेमानं इतका संयम पाळलेला असतो की तेवढ्यानंही आपल्याला चुकल्यासारखं होतं, जणू भलत्याच वेळी दार उघडलं.

पहिली मारामारी यायला चांगली पंधरा मिनिटं लागतात, तेवढं थांबावं. पुढे शू लियन आणि तरुण, बंडखोर जेन (झांग झियी) यांची अंगणातली लढत आहे. शू लियन एकामागून एक हत्यार उचलते, भाला, दुहेरी तलवारी, आकड्या. आणि जेनच्या हातातली चोरलेली तलवार प्रत्येकाचे तुकडे करते. मध्येच एक इतकं जड हत्यार हाती लागतं की ते पेलवतच नाही. ही लढत पुन्हा बघितली तर कळतं, एकीनं आयुष्यभर मन मारून शिस्त पाळली आहे आणि दुसरीला कुठलीच शिस्त नको आहे. नृत्यासारखी ही मारामारी बसवली युएन वू-पिंग यांनी. सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, त्यातलं एक तान दुन यांच्या संगीताला. त्यातला चेलो यो-यो मा यांचा. आणखी एक गंमत: यातली खलनायिका जेड फॉक्स म्हणजे चंग पेई-पेई, १९६६ च्या ‘कम ड्रिंक विथ मी’ची तलवारबाज नायिका.

‘हीरो’ डोळ्यांसाठी आहे. पुढे चीनचा पहिला सम्राट होणाऱ्या छिन राजासमोर एक अनामिक योद्धा (जेट ली) बसतो आणि राजाच्या तीन शत्रूंना आपण कसं संपवलं ते सांगतो. मग तीच हकिगत पुन्हा, वेगळ्या रंगात: लाल, निळी, पांढरी, हिरवी. एमी वाडा यांची वेशभूषा आणि क्रिस्टोफर डॉयल यांचा कॅमेरा. पिवळ्या पानांच्या राईत दोन बायका लढतात आणि एकीचा जीव गेल्यावर सगळी पानं लालभडक होतात. तळ्यावरच्या लढतीत पाण्याचा एक थेंब उडून मृत फ्लाइंग स्नोच्या (त्या तीन शत्रूंतली एक) गालावर पडतो, आणि तिचा प्रियकर लढाई अर्धवट टाकून तो पुसायला वळतो. दीड तासाच्या जरासाच वर आहे, म्हणून वेळ कमी असेल तर हाच. मात्र माणसांशी जवळीक होत नाही. चित्रप्रदर्शन बघून आल्यासारखं वाटतं. आणि शेवटी सिनेमा सत्तेपुढे ज्या तऱ्हेनं मान तुकवतो, त्यावर बरीच टीका झाली. मलाही तो शेवट खटकतो.

‘फ्लाइंग डॅगर्स’ उघडउघड प्रेमकथा आहे. साल ८५९, तांग राजवट खिळखिळी झालेली, बंडखोरांची एक टोळी, एक आंधळी नर्तकी आणि तिच्यामागे दोन पुरुष (ताकेशी कानेशिरो आणि अँडी लाऊ). सुरुवातीचं नृत्य तर अफलातून: गोल उभ्या केलेल्या ढोलांवर एक जण दाणा भिरकावतो आणि ती फक्त आवाजाच्या अंदाजानं लांबलचक बाहीनं नेमका तोच ढोल वाजवते.

बांबूच्या वनातली लढत ‘क्राउचिंग टायगर’मध्येही आहे आणि इथेही; निवड करायला तेवढी एक तुलना पुरे. तिथे ली मु बाय आणि जेन वाकत्या शेंड्यांवर तोल सावरत उभे असतात, मारामारी कमी आणि एकमेकांना जोखणं जास्त. इथे सैनिक शेंड्यांवरून टोकदार बांबू फेकतात, बघता बघता त्यांचा पिंजराच होतो. थरार इथे जास्त. पण कथा एवढी वळणं घेते की शेवटी कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही, आणि बर्फातला शेवट संपता संपत नाही. गेलेलं माणूस किती वेळा उठावं याला काही मर्यादा? ज्यांना भरभरून रडायचंय, त्यांना मात्र तोच भाग आवडेल. नायिकेवर जबरदस्तीचे प्रसंग आहेत, घरी सगळ्यांसोबत बघणार असाल तर हे आधी माहीत असावं. बाकीच्या दोघांतही एकेक प्रणयप्रसंग आहे.

तिन्ही मूळ मँडरिनमध्ये, सबटायटल्ससह बघावेत. डबिंगमध्ये ‘क्राउचिंग टायगर’चं सर्वाधिक नुकसान होतं, कारण तिथे शब्दांइतकंच महत्त्व बोलताना अडखळण्याला आहे.

यातलं काही आवडलंच, तर पुढे किंग हू यांचा ‘अ टच ऑफ झेन’. तीन तासांचा आहे आणि रेंगाळतो, पण बांबूवनातल्या लढतींचं मूळ तिथे सापडतं. १९७५ मध्ये कान महोत्सवात त्याला तांत्रिक पुरस्कार मिळाला होता. वोंग कार-वाय यांचा ‘ॲशेस ऑफ टाइम’ (१९९४) मात्र पहिला म्हणून अजिबात लावू नका. वाळवंटात बसून जुन्या प्रेमाच्या आठवणींनी पोळलेली माणसं त्यात आहेत आणि कोण कुणाचं कोण, हे पहिल्या वेळी कळतच नाही. बघायचाच तर २००८ ची ‘रिडक्स’, म्हणजे नव्यानं संकलित केलेली, आवृत्ती शोधा, आणि पात्रांची यादी आधी वाचून घ्या.