मान धरली असेल तर शिआत्सू: निशी-कासाईतला माझा दवाखाना

तोक्योत दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या आपल्या मंडळींची मान कधी ना कधी धरतेच. मग बहुतेक जण स्टेशनजवळच्या स्वस्त 'मोमिहोगुशी'च्या, म्हणजे अंग रगडून देणाऱ्या, दुकानात शिरतात. माझं ऐका, थोडे येन जास्त गेले तरी चालतील, पण परवानाधारक शिआत्सूवाल्यांकडेच जा. शिआत्सू म्हणजे बोटांनी आणि तळहातांनी दाब देऊन करायचा जपानी उपचार.

मी ज्यांच्याकडे जाते त्या सेनसेई (म्हणजे गुरुजी, बाई, तसं आदराने म्हणायचं) साठीच्या पुढच्या आहेत. तोक्योतल्याच निशी-कासाई भागातल्या एका आडगल्लीत, जुन्या इमारतीत छोटीशी जागा, जमिनीवर फुतोन, म्हणजे जपानी गादी. आत शिरल्याबरोबर समोरच परवाना लावलेला दिसतो. जपानमध्ये अनमा (तिथलं पारंपरिक मालिश), मसाज आणि शिआत्सू या तिन्हींसाठी मिळून एकच परवाना असतो. तीन वर्षं शिकायचं, शरीररचना आणि शरीरक्रिया पाठ करायची आणि मग राष्ट्रीय परीक्षा द्यायची. नुसती 'रिलॅक्सेशन'ची पाटी असलेल्या दुकानात हे शिक्षण झालेलं माणूस भेटेलच असं नाही.

कपडे काढायचे नाहीत, तेल लावायचं नाही. सैल सुती कपडे घालून जा. सेनसेई आधी कुशीवर झोपवतात आणि मानेपासून सुरुवात करतात. अंगठ्याचं टोक टोचत नाही, पेराचा मऊ भाग टेकतो. कोपर सरळ ठेवून सेनसेई आपल्या अंगाचं वजन हळूहळू पुढे सोडतात. दाब सरळ आत जातो, क्षणभर थांबतो आणि आला तसाच सावकाश निघतो. मग बोटभर खाली पुढची जागा. कणीक मळल्यासारखं दामटणं नाही, चोळणंही नाही. डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला माझी एक गाठ आहे. तिथे पोचल्यावर त्या जोर वाढवत नाहीत, उलट थांबतात, माझा श्वास सुटेपर्यंत वाट पाहतात. ही वाट पाहणं मला फार मोलाचं वाटतं. शेवटी पोटावर तळहात ठेवतात, तेव्हा निम्मी झोप लागलेली असते.

सेनसेई शिआत्सूच्या नामिकोशी परंपरेत शिकलेल्या आहेत. तोकुजिरो नामिकोशी (१९०५–२०००) यांचं कुटुंब जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर गेलं, तिथे आईचे सांधे धरले. तिला आराम पडावा म्हणून हा लहान मुलगा हातांनी दाबत राहिला आणि त्यातूनच पुढे त्याची पद्धत घडली. १९२५ मध्ये त्यांनी तिथल्याच मुरोरान शहरात उपचार केंद्र काढलं, १९४० मध्ये तोक्योत शाळा. दुसरी मोठी परंपरा शिझुतो मासुनागा यांची. तिच्यात पोट चाचपून निदान करण्यावर आणि अंगातल्या ऊर्जेच्या वाहिन्यांवर भर असतो. मला नामिकोशींची, स्नायू आणि नसांच्या भाषेत बोलणारी पद्धत जास्त पटते.

गुण किती? माझी मान दुसऱ्या दिवशी थोडी ठणकते, मग तीन-चार दिवस मोकळी राहते, डोकं हलकं होतं. पाठीचा आजार यामुळे मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. हाडाला इजा, ताप, पायात रक्ताची गुठळी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल तर वेळ ठरवतानाच सांगा.

तासाला ६,५०० येन घेतात, रोख. विम्यावर विसंबू नका. लकवा किंवा आखडलेले सांधे अशा दुखण्यांत डॉक्टरांचं संमतिपत्र असेल तरच तो लागू होतो, नुसत्या भरलेल्या खांद्यांना नाही. वेळ फोनवरच घ्यावी लागते आणि तीही जपानीत, नवख्या माणसाची इथे खरंच पंचाईत होते. जपानी येणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून फोन करून घ्या. आत गेल्यावर मात्र 'चोत्तो इताई', थोडं दुखतंय, एवढं म्हणता आलं तरी पुरतं. लगेच दाब कमी होतो. संध्याकाळच्या वेळा भराभर जातात, शनिवारी सकाळची सहज मिळते.