पेंचच्या बंगल्यापायी २७,७०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

लिहायलाही लाज वाटते. घरातल्या प्रत्येकाला "अनोळखी लिंक उघडू नका" म्हणून बजावणारा माणूस मी, आणि मीच स्वतःच्या हाताने पैसे देऊन बसलो. पण मे महिन्यात नागपूरची कितीतरी कुटुंबं पेंचच्या जंगलाकडे निघतात. त्यातल्या एकाचे तरी पैसे वाचावेत.

जाहिरात मोबाइलवर दिसली. ‘सिल्लारी गेटपासून ५ मिनिटं, अख्खा बंगला, ४ एसी खोल्या, स्विमिंग पूल.’ एका रात्रीचे ९,५००. आम्ही दहा जण होतो, म्हणजे भाव काही फुकटात दिल्यासारखा नव्हता. म्हणूनच शंका आली नाही. फोनवरचा माणूस आपल्याकडचाच वाटला. "टेन्शन नका घेऊ भाऊ, आपलंच घर समजा." दोन रात्रींचे १९,००० ठरले. आधी ५,००० टोकन. तासाभरात "दुसरी पार्टी पूर्ण पैसे देते आहे" म्हणून उरलेले १४,००० घेतले. मग ५,००० डिपॉझिट, निघताना परत. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. तो म्हणाला, वहिनीचं खातं आहे. मी पिन टाकला. यूपीआयवर खातेदाराचं नाव आधी दिसतं ते ह्याचसाठी. नाव जुळलं नाही तर एक रुपया टाकू नका.

आणि ह्याच्याही आधी मला कळायला हवं होतं. आईला फोटो दाखवला होता. तिने चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "पेंचला पोफळी कुठून आल्या रे?" बंगल्यामागे सरळसोट पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची रांग होती, भिंती लाल चिऱ्याच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे कोकणात गुहागरला जाऊन आलो, तिथल्या घरांच्या भिंतींना हात लावून आलो. पेंचचं जंगल सागाचं, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागतं का? तरी मी आईलाच म्हणालो, "रिसॉर्टवाले लावतात गं शोभेला." ती गप्प बसली. रात्री झोप लागत नाही ती ह्या एका वाक्यामुळे.

पाठवलेलं लोकेशन मनसरच्या अलीकडेच संपलं. ढाब्यामागचं पत्र्याचं छत असलेलं घर, गेट तिथून पाऊण तासावर. "त्या बंगल्याची मोटर जळाली, आजची रात्र इथे काढा," असं तिथला पोरगा म्हणाला. एसी एकच, तोही नुसता वारा फेकणारा. पूल म्हणजे सिमेंटचं टाकं, तळाशी हातभर हिरवं पाणी. लाइट गेली तेव्हा जनरेटरच्या डिझेलचे १,५०० रोख घेतले. त्या उकाड्यात भावाचं दीड वर्षाचं बाळ रात्रभर रडलं. दुसऱ्या दिवशी रामटेकला लॉज घेतला, २,२०० रुपये. बंगलेवाल्याने डिपॉझिट तर दिलं नाहीच, फोनही बंद केला. सामान उतरवण्याआधी व्हिडिओ काढा. मी काढला नाही.

आता पोलिसांचं ऐका. आमच्या भागातल्या ठाण्यात म्हणाले, "एक रात्र राहिलात ना? मग फसवणूक कशी? दिवाणी मामला आहे." दुसऱ्यांदा गेलो तर, घर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. ग्रामीणवाले म्हणाले, पैसे शहरातून गेले, सायबरला जा. सायबर पोलिसांकडे गेल्यावर कळलं की उशीर झाला, पैसे खात्यातून निघून गेले. अरे, उशीर कोणी केला? सहा दिवस मी सुट्या टाकून फिरत होतो! बँकेने तर एका वाक्यात वाटेला लावलं: पिन तुम्हीच टाकलात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. हे घरी आल्यावर वाचलं. तुम्ही कलमाचा आकडा तोंडपाठ करून जा. आणि ठाण्याच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुम्ही पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर घर आणि बाहेरचा रस्ता दाखवायला लावा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

काल तोच फोटो पुन्हा दिसला. नाव नवीन, नंबर नवीन, ‘ताडोबा, मोहर्ली गेटपासून ५ मिनिटं’. लाल चिऱ्याच्या भिंती आणि मागे पोफळी दिसल्या तर पैसे पाठवू नका.