नाना पेठेतले टी-बोल्ट क्लॅम्प: पैसे वसूल, पण चारही जोडांना नकोत

माझी पिकअप सासवड-जेजुरी साइडला ठिबकचे पाइप आणि खताच्या गोण्या टाकायला जाते, म्हणजे दिवे घाट भरल्या गाडीने चढायचाच. वडकी सोडून चढाला लागलं, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की फट्ट. मग नुसता सुस्स आवाज, मागे काळा धूर आणि गाडीला दमच नाही. टर्बोकडून (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) इंटरकूलरला (ती तापलेली हवा गार करणारी जाळी) जाणारा होज, म्हणजे जाड नळी, निसटलेला. गॅरेजवाल्याने जुना फुगलेला रबरी होज काढून सिलिकॉनचा टाकला होता पण वर क्लिपा त्याच साध्या, स्क्रूच्या, आपण ज्याला जुबली क्लिप म्हणतो त्या. तो म्हणे अजून टाइट करू. अहो किती करणार, त्या क्लिपच्या पट्ट्याला आरपार खाचा असतात, जास्त आवळली की किसणीतून खोबरं यावं तसा मऊ सिलिकॉन त्या खाचांतून वर येतो आणि होजच कापला जातो.

शेवटी पुण्यात नाना पेठेत एका दुकानातून टी-बोल्ट क्लॅम्प आणले, म्हणजे नट-बोल्टने आवळायचे रुंद पट्टे. दुकानाबद्दल आधी सांगतो, पार्किंगचा आनंदीआनंद आहे, पिकअप घेऊन जाऊच नका, टू-व्हीलरने जा. पावती मागितली तरच मिळते आणि एकदा आवळलेला क्लॅम्प परत घेत नाहीत. पण काउंटरवरच्या काकांना माल कळतो. मी म्हटलं ५१ एमएमचा द्या, तर म्हणाले, "साहेब, ते आतलं माप झालं, होजचं बाहेरचं सांगा." सोबत नेलेल्या जुन्या सिलिकॉनच्या तुकड्याला व्हर्नियर लावलं, भिंत ५ एमएमची, म्हणजे बाहेरून ६१. हे महत्त्वाचंय, कारण साधी क्लिप कितीही लहानमोठी होते पण टी-बोल्टला रेंज थोडीच असते, मोठा घेतला तर बोल्ट संपेपर्यंत फिरवा, पकड येणार नाही. ऑनलाइन मागवणारे इथेच फसतात.

आता माल. पट्टा रुंद, अखंड, कडा बाहेर वळवलेल्या त्यामुळे होजला चावत नाही. पट्ट्याला चुंबक जवळजवळ लागत नाही, म्हणजे स्टेनलेस बरा असावा, बोल्टला मात्र पटकन लागतं आणि पावसाळ्यात त्यावर गंज दिसायला लागलाच, म्हणून एक स्टार कापला. नट १० नंबरच्या पान्याचा, अडचणीच्या जागी टी-हँडल लागतंच. किंमत साध्या क्लिपच्या चार-पाच पट पडते. स्प्रिंगवाला टी-बोल्ट अजून महाग, पण घ्यायचा तर तोच. टर्बोच्या तोंडाशी हवा शंभर अंशांच्या वर तापते, होज गरम झाला की फुगतो, गार झाला की आकसतो, स्प्रिंग ते सांभाळून घेते, साधा टी-बोल्ट थंड गाडीत थोडा ढिला पडतो. म्हणून मी गरम बाजूच्या, म्हणजे टर्बो ते इंटरकूलरच्या, दोन जोडांना स्प्रिंगवाले लावले आणि इंटरकूलरनंतरच्या दोन जोडांना रबरी होजच आहे, तिथे कंपनीच्या क्लिपा तशाच ठेवल्या. काका चारही बदला म्हणत होते, मला नाही पटलं.

आणि हे नीट ऐका, नुसता भारी क्लॅम्प लावून होज थांबत नाही. दोन इंची पाइपाचं तोंड साधारण २० चौरस सेंटीमीटर, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, १.२ बार धरला तर होजला बाहेर ढकलायला जवळपास २५ किलोचा जोर येतो, तोही प्रत्येक वेळी पाय दाबला की. वर ब्रीदरच्या पाइपातून इंजिनच्या ऑइलची वाफ येऊन आतून सगळं तेलकट झालेलं असतं, थोडं तेल नॉर्मलच आहे, पण सिलिकॉन त्यावर साबणासारखा सटकतो. आपल्याकडचे मेकॅनिक होज सरकावा म्हणून वर आणखी ग्रीस फासतात, ते आधी बंद करायला लावा. ब्रेक क्लीनरने पाइप आणि होजची आतली बाजू दोन्ही पुसायची, पूर्ण सुकू द्यायची, होज पाइपाच्या तोंडाजवळच्या उंचवट्याच्या पुढे चांगला आत ढकलायचा आणि क्लॅम्प त्या उंचवट्याच्या पलीकडे, होजच्या टोकाकडे बसवायचा, उंचवट्यावर नाही. मग गाडी गरम करून, गार झाली की एकदा नट परत बघायचा.

एवढं करूनही निघत असेल तर इंजिनचे माउंटिंग बघा. इंटरकूलर बॉडीला बांधलेला आणि इंजिन हलतंय, मग मधला होज ओढलाच जाणार, त्याला क्लॅम्प काय करणार. आणि होज निघालेला असताना पाय दाबून घाट पुरा करायचा हट्ट नको, बीएस६ गाडीत ती सगळी काजळी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जाऊन बसते आणि तो खर्च क्लॅम्पच्या खर्चापुढे ऐकवणार नाही.

माझं काम झालं, पावसाळा गेला, आता सीताफळाचे क्रेट भरून येतानाही काही त्रास नाही, होजवर मार्करने रेघ मारलीय ती जागची हललेली नाही. मालाला चार स्टार, दुकानाला साडेतीन. स्प्रिंगवाले सगळ्या मापात नसतात, माझ्यानंतर मित्राला हवे होते तर संपलेले, म्हणून आधी फोन करा आणि जाताना जुना होज बरोबर न्या.