कागदासाठी उसाचं चिपाड की केळीचं खोड?

झाड न तोडता कागद करायचा, तर महाराष्ट्रात दोन गोष्टी हाताशी आहेत: कारखान्यातलं उसाचं चिपाड आणि जळगावकडच्या केळीची खोडं.

चिपाडाची मोठी सोय म्हणजे ते गोळा करत फिरावं लागत नाही. गाळप झालं की एकाच जागी ढीग तयार. पण आतला भेंडासारखा भुसभुशीत गाभा आधी झाडून काढावा लागतो, नाहीतर लगद्यातून पाणी निथळत नाही. शिवाय कारखाना तेच चिपाड बॉयलरमध्ये जाळून वीज करतो. म्हणजे कागदवाल्याला इंधनाशी स्पर्धा. तामिळनाडूत टीएनपीएल या कागद कंपनीनं यावर वाट काढली. साखर कारखान्यांना वाफ किंवा इंधन द्यायचं आणि बदल्यात चिपाड घ्यायचं. वह्या, छपाईचा कागद अशा मोठ्या उत्पादनासाठी मला तरी हाच मार्ग खरा वाटतो.

केळीचं गणित वेगळं. घड उतरवला की खोडाचं काम संपतं. बरेचदा ते बांधावर पडून कुजतं. सोपट सोलून उन्हात धरा, रेशमासारखे लांब धागे चमकताना दिसतील. उसापेक्षा हा तंतू बराच लांब, म्हणून कागद चिवट होतो. पण खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच! ते ट्रकनं दूर नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. धागा शेताजवळच काढावा आणि पिशव्या, लग्नपत्रिका, हातकागद करावा. तिथे केळीच सरस.

लगदा करताना कॉस्टिक सोड्यानं शिजवल्यावर उरणारं काळं पाणी मात्र दोन्हीकडे आहे. ते ओढ्यात सोडलं, तर त्या कागदाला पर्यावरणपूरक म्हणूच नये.