तालमीसाठी घेतलेली चामड्याची हलगी : एका पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

कोल्हापुरातील ज्या तालमीत आम्ही गुरुबंधू घडलो, त्या तालमीला भेट देण्यासाठी आम्ही सर्वांनी मिळून एका जाणत्या कारागिराकडून चामड्याची हलगी बनवून घेतली. आमच्यापैकी बहुतेक जण आता वेगवेगळ्या गावी कुस्तीचे प्रशिक्षक आहेत आणि मॅटवर, शिट्टीच्या इशाऱ्यावर मुले घडवतात. तरीही भेट कोणती द्यावी हा प्रश्न निघाला तेव्हा हलगीशिवाय दुसरे नाव कोणी घेतले नाही.

त्याचे कारण कोल्हापूरकरांना सांगावे लागणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीचे खासबाग मैदान उभे केले आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधले, जे पुढे संगीतनट केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. कुस्ती आणि गाणे ज्या गावात असे शेजारी नांदले, तेथे वाढलेल्या मल्लाच्या आठवणीत डाव आणि ठेका वेगळे राहत नाहीत. निकाली कुस्तीत जोड बराच वेळ खडाखडीत, म्हणजे उभ्याने हातापंजाच्या झटापटीत, अडकली की हलगीवाला ठेका संथ ठेवतो. एखाद्याने पट काढला किंवा घिस्सा भरला, म्हणजे डाव टाकला, की तोच ठेका चढत जातो आणि मैदानातला माणूस नकळत उभा राहतो. आम्ही गुरुबंधू भेटलो की जुनी कुस्ती कधीच नुसत्या शब्दांत सांगत नाही. सांगणारा मांडीवर ठेका धरतो आणि ऐकणाऱ्याला ढाक हा डाव नेमका कोणत्या क्षणी लागला ते कळते.

म्हणूनच या हलगीची पहिली परीक्षा आवाजाची होती आणि तीत ती पूर्ण उतरली. लोखंडी कड्यावर बकऱ्याचे कातडे इतके एकसारखे ताणले आहे की उजव्या हातातील जाड टिपरूचा ठोका भरीव येतो आणि डाव्या हातातील बारीक काडीचा कडकडाट त्यात बुडून न जाता वर वेगळा ऐकू येतो. तालमीच्या मागच्या चौकात वाजवली तरी आतल्या हौद्यात, लाल मातीत जोर मारणाऱ्या मुलांपर्यंत तिचा आवाज स्वच्छ पोहोचतो. घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्ये सोबतीला असताना तर ती अधिकच खुलते. आमच्यातील एक प्रशिक्षक अनेक वर्षे बाहेरच्या राज्यात आहेत. त्यांनी पहिला ठेका ऐकताच कोणत्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडाची ही चाल आहे ते ओळखले. वाद्याच्या पारखीसाठी मला याहून मोठा पुरावा नको.

तुलनेसाठी तालमीत फायबरच्या पानाची, म्हणजे कातड्याऐवजी फायबर ताणलेली, हलगीही आहे. तिला शेकावे लागत नाही, नट आवळले की ती सज्ज होते आणि पावसात मिरवणूक काढायची असेल तर तीच उपयोगी पडते. मात्र तिचा आवाज तीक्ष्ण आणि पातळ आहे; ठेका चढला की तो कानाला टोचतो, छातीत उतरत नाही. ज्यांना केवळ सरावाच्या वेळी मुलांना लय द्यायची आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी.

चामड्याच्या हलगीचा त्रास खराच आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि आवाज बसतो. वाजवण्यापूर्वी जाळावर शेकावे लागते आणि ते शेकणेही कसबाचे काम आहे, कारण आच थोडी जास्त झाली तर कातडे तडकते. आमची हलगी श्रावणात दमट कोपऱ्यात टांगली गेली होती, तेव्हा तिचे पान सैल पडले. कारागिराने ते पुन्हा ताणून दिले आणि ती पूर्ववत झाली. तेव्हापासून ती कोरड्या खोलीत, कापडात गुंडाळून ठेवली जाते.

किंमत ठरवताना आम्ही घासाघीस केली नाही आणि इतरांनीही करू नये, असे मला मनापासून वाटते. ही कला प्रामुख्याने मातंग समाजातील कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. मैदानाच्या फलकावर मल्लांची, वस्तादांची आणि इनाम देणाऱ्यांची नावे असतात, हलगीवाल्याचे क्वचितच असते. आपल्या पठ्ठ्याची कुस्ती ज्याच्या ठेक्यावर रंगली त्याचे नाव प्रशिक्षकाने विचारून घ्यावे आणि त्याचे मानधन आधी ठरवून वेळेवर द्यावे.

ज्या तालमीत नियमित वाजवणारा माणूस आहे, तिने चामड्याचीच हलगी घ्यावी. खरेदीला जाताना अनुभवी हलगीवाल्याला सोबत न्यावे आणि दोन-तीन हलग्या शेकून, त्याच्याकडून संथ आणि चढ्या अशा दोन्ही ठेक्यांत वाजवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.