हेल्व्हेटिका नाऊ: काही महिने वापरल्यानंतर

हेल्व्हेटिका हा रोमन अक्षरांचा प्रसिद्ध फॉन्ट बारीक आकारात वाचवत नाही, ही तक्रार जुनीच. फॉन्ट बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीने २०१९ मध्ये काढलेली ‘नाऊ’ ही आवृत्ती घ्यायचं खरं कारण तेवढंच आहे.

या तक्रारीचं मूळ या फॉन्टच्या इतिहासात सापडतं. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीत (छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात) एडुआर्ड हॉफमन यांच्या देखरेखीखाली माक्स मीडिंगर यांनी तो रेखाटला, तेव्हा नाव होतं ‘नॉइए हास ग्रोटेस्क’. ‘हेल्व्हेटिका’ १९६० मध्ये झालं. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक पॉइंटासाठी (अक्षराच्या आकाराचं माप) अक्षरं वेगळी घडवली जात: बारीक आकाराची थोडी रुंद आणि सुटी, मोठ्या आकाराची घट्ट. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी, आलं आणि एकच रेखाटन लहानमोठं करून सगळीकडे चालवायची पद्धत पडली. १९८३ च्या नॉइए हेल्व्हेटिकाने वेट्सचा, म्हणजे अक्षरांच्या जाडीच्या प्रकारांचा, गोंधळ आकडे देऊन निस्तरला (५५ रोमन म्हणजे साधं, ६५ मीडियम, ७५ बोल्ड), हे दुखणं मात्र तसंच राहिलं.

‘नाऊ’मध्ये मायक्रो, टेक्स्ट आणि डिस्प्ले असे तीन संच आहेत. ७ पॉइंटापर्यंत मायक्रो, ८ ते १२ ला टेक्स्ट, १४ च्या पुढे डिस्प्ले, ही वाटणी छपाईत चोख चालते. तळटिपा आणि वेष्टनावरचा बारीक मजकूर यांत फरक लगेच जाणवतो. फॉन्टच्या यादीत डिस्प्ले आधी येतो, म्हणून घाईत तोच मजकुराला लागतो आणि मग ‘नवीन काय यात?’ असं वाटतं. जुन्या फाइलमध्ये नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. मथळे आवळायला दिलेलं उणे ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) पॅराग्राफ स्टाइलमध्ये तसंच राहतं आणि डिस्प्लेची मुळातच जवळ असलेली अक्षरं एकमेकांना चिकटतात. आधी ट्रॅकिंग शून्यावर आणा, मग ओळी कुठे तुटतात ते पुन्हा तपासा.

काही दोष मात्र रेखाटनातलेच आहेत. नेहमीच्या रूपात कॅपिटल आय आणि लहान एल अजूनही जुळे भाऊ. पासवर्ड किंवा अनुक्रमांक छापायचे असतील तर दुसरा फॉन्ट घ्या.

वेबवर वेगळीच गंमत. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) नुसतं ‘हेल्व्हेटिका’ लिहिलं तर विंडोज बहुधा गुपचूप एरियल हा दुसराच फॉन्ट दाखवतं. १९८२ च्या एरियलची रुंदी मुद्दाम हेल्व्हेटिकाशी जुळवलेली असल्याने ओळी हलत नाहीत आणि चूक कोणाच्या लक्षात येत नाही. लहान टी पाहा: माथा तिरका कापलेला असेल तर तो एरियल.

‘नाऊ’मध्ये देवनागरी नाही. त्यासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स हा फॉन्ट जोडायचा तर फॉन्टच्या क्रमात तो दुसरा ठेवा. पहिला ठेवलात तर रोमन अक्षरंही त्याचीच येतात. मथळ्यांच्या रोमन अक्षरांना दिलेलं लेटर-स्पेसिंग देवनागरीला लागू देऊ नका: अधिक असेल तर शिरोरेघ तुटते, उणे असेल तर अक्षरं एकमेकांवर चढतात. लाइन हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) रोमनला १.३ पुरते, देवनागरीला १.५ च्या आसपास लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

डेस्कटॉप, वेब आणि ॲप यांची लायसन्सं वेगवेगळी असतात, तेव्हा वापर आधी ठरवा. फक्त पोस्टर आणि पाट्यांचंच काम असेल तर पूर्ण कुटुंब घेऊ नका. डिस्प्लेची दोन वेट्स सुटी घेतली तरी पुरतात.