पुरानंतरचं घर: बांबू, नीलगिरी की पाइन?

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीनं 35 फुटांची पातळी ओलांडली आणि बडोद्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याआधी 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. अशा पुरात ज्यांची कच्ची घरं जातात त्यांच्यासाठी काही करू पाहणाऱ्या मंडळांपुढे आणि ट्रस्टांपुढे प्रश्न एकच असतो: थोड्या पैशांत, गावातल्याच माणसांच्या हातांनी, पुढचा पावसाळा झेलेल असं घर कशाचं बांधायचं? जमीन नावावर असेल, सरकारी हप्ते मिळणार असतील आणि विटांचं पक्कं घर पुरं होणार असेल, तर तेच बांधा. ज्यांना ती वाट अजून मोकळी नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पत्र्याची शेड आधीच बाजूला ठेवतो. ती दोन दिवसांत उभी राहते, म्हणून सगळे तिच्याकडे वळतात. पण मे महिन्यात बडोद्यात दुपारी त्या पत्र्याखाली तान्हं मूल घेऊन बसणं अशक्य असतं. आणि 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात सौराष्ट्रात पत्र्यांची काय गत झाली ते आपण पाहिलं आहे. चार-सहा महिन्यांचा निवारा म्हणून शेड ठीक, घर म्हणून नाही.

आता बांबू. आपल्याला तो लांबून आणावा लागत नाही: डांगच्या जंगलात मानवेल आणि काटस या बांबूच्या दोन्ही जाती होतात, आणि दक्षिण गुजरातेत कोटवाळिया समाजाचे पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर हात बसलेले कारागीर आहेत. 2017 मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं आणि विकणं सोपं झालं. तो मोठ्या प्रमाणावर चालतो याचा दाखला शेजारीच आहे. सिंधमध्ये 2010 आणि 2022 च्या महापुरांनंतर वास्तुविशारद यास्मिन लारी यांनी बांबू, माती आणि चुना यांची घरं गावकऱ्यांकडूनच बांधून घेतली. बाया-बापड्यांना आधी शिकवायचं आणि मग त्यांनीच एकमेकांना शिकवायचं, ही त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

पण बांबू म्हणजे स्वस्त, एवढंच ऐकून कामाला लागलात तर दोन वर्षांत भुसा हातात येईल. बांबूत पिष्ट असतं आणि भुंगा त्यासाठीच येतो. कांब निदान तीन वर्षांची, पक्व हवी. कोवळी घेतली की सुकताना सुरकुतते आणि किडते. मग टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात, पेरांचे पडदे आतून फोडून, आठवडा-दहा दिवस बुडवून ठेवावी लागते आणि नंतर सावलीत वाळवावी लागते. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. टाकीसाठी फार काही लागत नाही; जमिनीत लांबट चर खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं तरी भागतं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: हे क्षार पाण्यात विरघळतात. कांब रोज भिजत राहिली तर औषध धुऊन जातं. म्हणून वळचण चांगली दोन-अडीच फूट बाहेर काढा आणि बांबूला माती लागू देऊ नका.

नीलगिरीच्या बल्ल्यांची, म्हणजे लांब गोल खांबांची, गोष्ट वेगळी. सामाजिक वनीकरणाच्या काळापासून गुजरातेत शेताच्या बांधावर नीलगिरी उभी आहे. सेंटरिंगवाल्याकडे बल्ल्या असतात, लाटीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, मिळतात. त्या जड आणि बळकट असतात, आणि त्या कापणं-जोडणं कुठल्याही मिस्त्रीला जमतं. बांबूला जोड देताना कांब चिरणार नाही याची काळजी घ्यावी लागते, त्याला सरावाचा हात हवा. बल्लीला भोक पाडून नट-बोल्ट आणि रुंद वॉशर लावले की झालं. आधी भोक न पाडता खिळा ठोकलात तर मात्र बल्लीही फाटते. नीलगिरीचा खरा दोष सुकतानाचा: ती पिळते आणि टोकांना उभी चिरते. तोडल्याबरोबर टोकांना डांबर किंवा रंग फासून सावलीत रचून ठेवलेली बल्ली आणि उन्हात टाकून दिलेली बल्ली, यांतला फरक दोन महिन्यांनी कुणालाही दिसेल. वाळवीही लागते, विशेषतः बाहेरच्या पांढऱ्या भागाला, म्हणून औषध इथेही हवंच.

तिसरा पर्याय पाइनचा. कांडला बंदरात परदेशी लाकूड उतरतं, गांधीधामच्या गिरण्यांत ते कापलं जातं, आणि एका मापाच्या सरळ चौकटी मिळतात. दाबाखाली औषध दिलेलं पाइन चांगलं टिकतं, कारण ते औषध खोलवर ओढून घेतं. विनाऔषधाचं ओल्यात लवकर कुजतं. अंगणवाडीसारखी मोठी खोली बांधायची असेल, इंजिनियर आणि चांगला सुतार हाताशी असेल, तर पाइन घ्या. एकेका कुटुंबाच्या घरासाठी मी ते सुचवणार नाही: एक तुळई बदलायची झाली तर तो माणूस गांधीधामला कुठे जाणार? आणि आतल्या कप्प्यांसाठी स्वस्तातला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, कोणी दिला तर घेऊ नका. पुराच्या पाण्यात त्याचा फुगून लगदा होतो.

लाकूड कुठलंही घ्या, घर जातं ते पायाशी. जमिनीत पुरलेला खांब वरून ठणठणीत दिसतो. मातीच्या रेषेपाशी पेचकस टोचून पाहा. ओलावा आणि हवा दोन्ही जिथे मिळतात त्या वीतभर जागेत तो लोण्यासारखा आत जातो. जुन्या वाड्यांत सागाचा खांब म्हणूनच दगडी तळखड्यावर उभा करत. पण वाड्याचा खांब वरच्या वजनानं जागेवर राहायचा, आपलं घर हलकं आहे. हलकं घर पुरात तरंगतं, वाऱ्यात उचललं जातं. म्हणून काँक्रीटचा ठोकळा, त्यात रोवलेला लोखंडी बूट, आणि खांब जमिनीपासून हातभर वर बुटात बोल्टनं आवळलेला, असं हवं. तिथून तुळईपर्यंत आणि तुळईपासून छपरापर्यंत प्रत्येक जोड लोखंडी पट्टीनं बांधा. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ठोकळे वरच्या थरावर ठेवून भागत नाही, खाली घट्ट जमीन लागेपर्यंत जावं लागतं.

भिंत कुडाची करा: बांबूच्या कामट्यांचं विणकाम आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा, खालच्या भागात चुना घालून. पूर आला तर खालचा गिलावा वाहून जाईल, सांगाडा उभा राहील, आणि घरातली माणसं आठवड्याभरात पुन्हा लिंपून घेतील. आसामात चौकटीत बोरू आणि माती भरून याच तऱ्हेची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. काश्मिरातल्या लाकडी चौकटीच्या ‘धज्जी’ घरांनी 2005 च्या भूकंपात जीव वाचवले, म्हणून पाकिस्तानातल्या पुनर्बांधणीत ती पद्धत अधिकृतपणे स्वीकारली गेली. उंच खांबांवरचं घर करणार असाल तर खालची जागा फळ्या मारून बंद करू नका. पाणी निघून जायला वाट हवी, आणि विश्वामित्रीच्या काठावर त्या अंधाऱ्या जागेत मगर शिरली आहे का ते बाहेरून दिसलं पाहिजे.

तर निवड कशी करायची? गावात किंवा जवळपास बांबूचा कारागीर असेल आणि टाकीवर लक्ष ठेवणारं कोणी असेल, तर बांबूच घ्या. पैसा गावातच राहतो. असं कोणी नसेल तर खांब-तुळया नीलगिरीच्या आणि भिंती, वासे बांबूचे, हा मला सर्वांत भरवशाचा मेळ वाटतो. जोखमीचे जोड मिस्त्री करतो आणि बिघडणारा भाग घरच्यांना दुरुस्त करता येतो. आणि ज्या जागी दर मोठ्या पुरात छातीभर पाणी येतं तिथे कुठलंच लाकूड सुचवायला माझं मन घेत नाही. तिथे आधी जागेसाठी भांडावं लागेल.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात घरासाठी ठरावीक रक्कम मिळते. त्यात हे घर बसवायचं असेल तर नकाशा घेऊन तालुका पंचायतीत आधी जा आणि होकार लेखी घ्या. बांबूच्या बांधकामासाठी भारतीय मानक 15912 आहे. इंजिनियरनं त्याचा आधार दिला की बोलणं सोपं जातं.

वेळेचं गणित सर्वांत आधी मांडा. पूर येतो ऑगस्टमध्ये, बांबू तोडायचा पावसाळा सरल्यावर, थंडीत, जेव्हा त्यातलं पिष्ट कमी असतं. मधल्या महिन्यांसाठी बल्ल्या आणि ताडपत्री यांचा निवारा करा, पण बल्ल्या पूर्ण लांबीच्या घ्या आणि काथ्यानं नुसत्या बांधा, कापू नका, भोकं पाडू नका. फेब्रुवारीत त्याच बल्ल्या सोडवून, औषध देऊन, घराचे खांब म्हणून बुटांवर उभ्या करता येतात, आणि होळीपर्यंत छप्पर चढतं.